रोगाचें नांव आणि माणसाचें नांव

रोगाचें नांव कळलें म्हणजे अर्धें दुखणें हलकें झालें असें मानणारीं माणसें आहेत. आणि कांहीं रोगांचें नांव घरांत उच्चारूंच नये असें मानणारींहि आहेत. ताप, खोकला, मधुमेह यांचीं नांवें आपण चारचौघांत मोकळेपणानें घेतों. इतकेंच नव्हे, तर आपल्या रक्तांतील साखरेचे आंकडे दुसऱ्यास ऐकविण्यांत कित्येकांस एक प्रकारचें समाधानहि वाटतें. पण घरांतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला अपस्मार असला, म्हणजे त्याच घरांतलीं माणसें एकाएकीं आवाज खालीं आणतात. ‘तिला जरा चक्कर येते’, ‘त्याची प्रकृति पहिल्यापासूनच नाजूक’, ‘लहानपणीं ताप डोक्यांत गेला होता’ अशा शब्दांनीं वेळ मारून नेली जाते, आणि खरा शब्द औषधांच्या पुडक्यासह कपाटांत कुलपाआड राहतो. हा शब्दाचा संकोच केवळ भित्रेपणाचा आहे, कीं त्यास कांहीं समंजस कारण आहे? आणि कारण समंजस असलें, तरी तेवढ्यानें तो न्याय्य ठरतो काय? या प्रश्नाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. वैद्यकांतील संज्ञांचा अर्थ समजून घेणें हें डॉक्टरांचें काम, आपलें नव्हे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रस्तुत रोगापुरतें तरी तें आपलेंहि काम आहे, आणि तें ज्ञानाचें जितकें आहे तितकेंच नीतीचेंहि आहे, असें दाखवितां आलें तर या लेखाचा हेतु सफल झाला असें होईल.

प्रथम नांवांकडेच पाहूं. ज्या समाजानें रोगास नांव दिलें, त्या समाजाची रोग्याकडे पाहण्याची दृष्टि त्या नांवांत उतरलेली असते. ग्रीक लोकांनीं या रोगास जें नांव दिलें, त्यांतील मूळ धातूचा अर्थ ‘झडप घालून धरणें’ असा आहे. आजचा एपिलेप्सी हा शब्द त्याचाच वंशज होय. इंग्रजींतील सीझर याचाहि अर्थ पकडणें हाच. रोमन लोक यास सभेचा रोग म्हणत. कारण लोकांची सभा चालू असतां कोणास झटका आला, तर तो अपशकुन समजून सभा तहकूब करण्याची त्यांची चाल होती. जर्मन लोकांच्या जुन्या भाषेंत हा ‘पडण्याचा रोग’ होता. लॅटिनमधील इक्टस या शब्दाचा अर्थ प्रहार असा आहे, आणि डॉक्टर लोक झटक्याच्या काळास अद्यापहि त्याच शब्दावरून साधलेलें विशेषण लावतात. आपला ‘झटका’ हा शब्द त्याच्या अगदीं शेजारचा. ग्रीकाचें लक्ष पकडणाऱ्याकडे होतें, रोमनाचें मोडलेल्या सभेकडे, जर्मनाचें जमिनीवर कोसळलेल्या देहाकडे. ज्याला हें सारें झालें त्याचें स्वतःचें काय गेलें, हें यांपैकीं एकहि नांव सांगत नाहीं.

आपल्या वैद्यांनीं निवडलेला शब्द मात्र वेगळ्या जागेवरून निवडलेला आहे. अपस्मार म्हणजे स्मृतीचें निघून जाणें. चरकसंहितेंत निदानस्थान व चिकित्सास्थान या दोहोंतहि या रोगावर स्वतंत्र अध्याय आहेत, आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रांतहि त्याचा विचार आहे. वात, पित्त, कफ आणि सन्निपात असे त्याचे चार प्रकार चरकानें मानले. ही कारणमीमांसा आज टिकणारी नाहीं, आणि म्हणून आपल्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें असा अभिमान मिरविण्याचेंहि कारण नाहीं. पण नांव मात्र चांगलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. तें बघ्याच्या जागेवरून ठेवलेलें नाहीं. ज्याच्या आयुष्यांतून कांहीं क्षण नाहींसे झाले, त्याच्या जागेवरून ठेवलेलें आहे.

या निवडीचें मोल अगदीं अलीकडच्या एका वादावरूनहि ध्यानांत येतें. अपस्माराच्या अभ्यासकांची एक आंतरराष्ट्रीय संस्था १९०९ सालीं बुडापेस्ट येथें स्थापन झाली. तिनें २०१७ सालीं झटक्यांचें जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, त्यांत मेंदूच्या एका भागांतून उठणाऱ्या झटक्यांची विभागणी रोग्याची जाणीव टिकते कीं नाहीं, या कसोटीवर केली होती; आणि जाणीव टिकली होती कीं नाहीं हें व्यवहारांत ठरावयाचें, तें बहुतांशीं मागाहून त्यास काय आठवतें यावरून. पुढें २०२५ सालीं तो शब्द बदलून त्या जागीं अधिक व्यापक असा चेतनेचा शब्द आला, आणि आठवणीबरोबरच झटका चालू असतां रोगी हाकेला ओ देतो काय, हेंहि पाहावें असें ठरलें. विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतील इतक्या यंत्रसामुग्रीनंतरहि शास्त्रज्ञ ज्या प्रश्नापाशीं येऊन थांबतात, तो प्रश्न स्मृतीचाच आहे, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पण अपस्मार हा पोथींतला शब्द पोथींतच राहिला. लोकांच्या तोंडीं रुळले ते शब्द फेफरें, मिरगी, आंकडी आणि इंग्रजीवरून आलेला फिट. या शब्दांबरोबर मराठींत जें क्रियापद येतें, तें मोठें विचार करण्यासारखें आहे. इंग्रज मनुष्य ‘तो एपिलेप्टिक आहे’ असें म्हणे. आपण ‘त्याला फेफरें येतें’ असें म्हणतों. इंग्रजींत रोग आणि माणूस हीं एकाच वाक्यांत एकरूप झालीं. आपल्या वाक्यांत माणूस चतुर्थींत अलग उभा आहे, आणि रोग हा पाहुण्यासारखा येऊन जाणारा आहे. या एका गोष्टींत आपली भाषा अधिक दयाळू आहे, यांत संशय नाहीं. परंतु हेंच क्रियापद दुसऱ्या एका दरवाजाचीहि किल्ली आहे. ताप येतो, राग येतो, झोप येते, फेफरें येतें, तसाच अंगांत देवहि येतो. आणि जें येतें तें कोठून तरी आलेलें असलें पाहिजे. कोणी तरी पाठविलेलें असलें पाहिजे. म्हणून तें बाहेरचें आहे, बाधेचें आहे, आणि तें घालविणाराहि बाहेरचाच कोणी तरी हवा, असा तर्क मागून चालत येतो. ज्या व्याकरणानें रोग्यास रोगापासून वेगळें केलें, त्याच व्याकरणानें त्यास मांत्रिकाच्या हवालीं केलें. यावरून एवढेंच दिसतें कीं, नुसत्या चांगल्या शब्दावर विसंबून भागत नाहीं. त्या शब्दाच्या मागें अर्थाचें ज्ञानहि असावें लागतें.

तें ज्ञान फार जुनें आहे. ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास हिपोक्रेटिसच्या परंपरेंतील एका वैद्यानें ‘पवित्र रोग’ या नांवाच्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, हा रोग इतर रोगांहून तिळमात्र अधिक दैवी नाहीं. त्याचें मूळ मेंदूंत आहे. आणि ज्यांनीं त्यास प्रथम पवित्र म्हटलें, त्यांनीं आपलें अज्ञान देवाच्या पडद्याआड लपविलें. हा आरोप चोवीसशें वर्षांचा जुना झाला, तरी अद्याप शिळा झालेला नाहीं. झटका आलेल्या माणसाच्या नाकाशीं जोडा किंवा कांदा धरणारे लोक आजहि आपल्या गांवांत व शहरांत सांपडतात, आणि तेहि अडाणीच असतात असें नव्हे. त्यांचा विश्वास दृढ होण्याचें कारण सोपें आहे. बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्या वेळांत जोडा शोधून आणला जातो, आणि थांबण्याचें श्रेय त्यास मिळतें. भूत काढण्याच्या मिषानें माणसास बांधून मारणें, मिरचीची धुरी देणें, असल्या प्रकारांस शिक्षा सांगणारा कायदा महाराष्ट्रास २०१३ सालीं करावा लागला, यावरून हा अंधार किती जवळचा आहे तें कळून येईल.

मग आजचें शास्त्र या रोगाविषयीं काय सांगतें? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडन येथील जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या वैद्यानें झटका म्हणजे मेंदूच्या करड्या भागांतून अधूनमधून होणारा अचानक व अतिरिक्त विसर्ग होय, असा सिद्धांत मांडला. १९२९ सालीं जर्मनींतील येना येथील हान्स बर्गर यानें माणसाच्या मेंदूंतील विजेच्या लहरींचे आलेख प्रसिद्ध केले, आणि जॅक्सननें जें बुद्धीनें ताडलें होतें, तें पुढें थोड्याच वर्षांत कागदावर डोळ्यांनीं पाहतां येऊं लागलें. मेंदूंतील कोट्यवधि पेशी एरवीं आपआपल्या तालानें काम करीत असतात. त्यांपैकीं एक मोठा समूह एकाच वेळीं, गरजेहून फाजील, एका ठेक्यांत पेटून उठला म्हणजे झटका येतो. त्यांत भूत नाहीं, पाप नाहीं आणि वेडहि नाहीं. या ज्ञानामुळें उपायांचीहि वाट सुधारली. १८५७ सालीं ब्रोमाइड, १९१२ सालीं फेनोबार्बिटल, १९३८ सालीं फेनिटॉइन अशीं औषधें एकामागून एक हातीं आलीं, आणि त्यानंतर आणखी पुष्कळ आलीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें ५ कोटि लोकांस अपस्मार आहे, आणि योग्य निदान व उपचार झाले तर त्यांपैकीं शेंकडा ७० पर्यंत लोक झटक्यांवांचून आयुष्य काढूं शकतात.

आतां ज्या संज्ञांचा आपल्या विषयाशीं अधिक निकटचा संबंध आहे, त्यांकडे वळूं. पहिला भेद झटका आणि अपस्मार यांतला. झटका ही घटना आहे. अपस्मार हा रोग आहे. एक झटका आला म्हणजे अपस्मार झाला असें नव्हे. दर शंभर माणसांत दहांपर्यंत माणसांस आयुष्यांत केव्हां तरी एखादा झटका येतो. सहा महिने ते पांच वर्षे या वयाच्या मुलांस तापाच्या भरांत जी आंकडी येते, ती दिसावयास भयंकर असली तरी त्या मुलांपैकीं बहुतेकांस पुढें अपस्मार होत नाहीं. २०१४ सालीं ठरलेल्या व्याख्येप्रमाणें, तात्कालिक कारणावांचून आलेले आणि एकमेकांपासून २४ तासांहून अधिक अंतरावर असलेले निदान दोन झटके, किंवा एकच झटका येऊन पुढील दहा वर्षांत पुन्हां येण्याचा तितकाच मोठा संभव, अथवा अपस्माराच्या एखाद्या ठराविक लक्षणसमूहाचें निदान, एवढें असल्यावांचून हें नांव लावूं नये. आणि त्याच व्याख्येंत पुढें असेंहि आहे कीं, दहा वर्षे झटका आला नाहीं आणि त्यांतील शेवटचीं पांच वर्षे औषधहि नव्हतें, तर त्या मनुष्याचा अपस्मार संपला असें मानावें. या दोन वाक्यांचें नैतिक वजन वाचकांनीं तोलून पाहावें. शेजारच्या मुलीला तिसऱ्या वर्षीं तापांत एकदां आंकडी आली, तेवढ्यावरून पंचविसाव्या वर्षीं तिच्याविषयीं ‘तिला फिट येतात म्हणे’ असें जी बाई बोलते, ती केवळ अज्ञानाचें वाक्य बोलत नाहीं. ती एक खोटी साक्ष देत असते.

दुसरा भेद झटक्यांच्या प्रकारांतला. झटका म्हटला कीं अंग ताठणें, हातपाय झाडणें, तोंडाला फेंस येणें, हेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. पण हा एक प्रकार झाला. ॲब्सेन्स या नांवाचा एक झटका बहुधा मुलांस येतो. त्यांत मूल पडत नाहीं, ओरडत नाहीं. बोलतां बोलतां कांहीं सेकंद थबकतें, नजर शून्यांत लागते, आणि पुन्हां जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें तें पुढचें वाक्य बोलूं लागतें. असे झटके दिवसांतून कित्येक वेळां येऊं शकतात. वर्गांत अशा मुलास ‘लक्ष कोठें आहे तुझें?’ म्हणून बांकावर उभें केलें जातें, आणि घरीं वेंधळा म्हणून त्याची थट्टा होते. मेंदूच्या एका भागांतून उठणाऱ्या झटक्यांत एखादा प्रौढ मनुष्य ओंठ चाटीत, सदऱ्याचीं बटणें चाळवीत, भलतीकडेच चालूं लागतो; त्यास विचारलें तर उत्तर येत नाहीं, आणि रस्त्यावरचे लोक तो दारू प्यालेला आहे असें ठरवून मोकळे होतात. झटक्यापूर्वीं कित्येकांस एक चमत्कारिक जाणीव होते. तिला ऑरा म्हणतात. ऑरा म्हणजे ग्रीकांत वाऱ्याची झुळूक. एका तरुण रोग्यानें आपल्या पायापासून वर चढत येणाऱ्या संवेदनेस थंड झुळुकेची उपमा दिली, ती गॅलन या वैद्यानें नोंदवून ठेविली, आणि तीच पुढें साऱ्या जगाची संज्ञा झाली. अपस्मारावरील परिभाषेंत रोग्याच्या तोंडचा शब्द जसाच्या तसा उचललेला असा हा एक दुर्मिळ दाखला आहे. आणि रोग्याचें म्हणणें ऐकून घेतलें तर शास्त्राचें काय हित होतें, हेंहि त्यावरून दिसतें.

येथें वैद्यांचीहि थोडी झडती घेणें न्यायाचें होईल. ज्या अपस्माराचें कारण सांपडत नसे, त्यास डॉक्टर लोक इडिओपॅथिक किंवा क्रिप्टोजेनिक अशीं भारदस्त विशेषणें लावीत. पहिल्याचा धात्वर्थ ‘स्वतःचाच रोग’ असा, आणि दुसऱ्याचा ‘लपलेल्या मूळाचा’ असा. रोग्याच्या बापास मात्र वाटे कीं, एवढें लांब नांव आहे त्या अर्थीं डॉक्टरास सर्व कळलेलें आहे. ग्रीक वैद्यानें मांत्रिकांवर जो आरोप केला, तो येथें वैद्यांवरच उलटत होता. अलीकडच्या वर्गीकरणांत कारणांची जी यादी आहे, तींत मेंदूच्या रचनेंतील दोष, आनुवंशिक कारण, संसर्ग इत्यादींबरोबर ‘अज्ञात’ असा एक सरळ रकाना ठेवलेला आहे. हा लहानसा बदल आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आपणांस ठाऊक नाहीं असें साध्या शब्दांत सांगणें ही शास्त्राची शोभाच आहे. तसेंच दुसरें उदाहरण. कित्येकांस झटक्यासारखे झटके येतात, पण मेंदूच्या आलेखावर विजेचा प्रकोप दिसत नाहीं. त्यांचें मूळ मनावरील ताणांत किंवा मेंदूच्या कार्यपद्धतींतील वेगळ्या बिघाडांत असतें. त्यांस पूर्वीं ‘मिथ्या झटके’ अशा अर्थाचें नांव होतें. मिथ्या म्हटलें कीं ऐकणाऱ्यास ढोंग ऐकूं येतें, आणि त्यांत बहुसंख्येनें स्त्रिया असल्यामुळें ‘सोंगें करते’ हें वाक्य तयारच असे. झटका खोटा नव्हता. त्यास लावलेलें अपस्मार हें नांव तेवढें चुकीचें होतें. आतां तो शब्द मागें पडत चालला आहे, हें बरें झालें.

शब्दांनीं केवळ मन दुखावतें असें कोणी समजूं नये. शब्द कायद्यांत जाऊन बसले म्हणजे ते हातांतहि बेड्या घालतात. अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यानें १८९५ सालीं अपस्मार असलेल्यांच्या विवाहांवर बंदी घालणारा कायदा केला. जर्मनींत १४ जुलै १९३३ रोजीं ज्या रोग्यांची सक्तीनें नसबंदी करण्याचा कायदा झाला, त्यांच्या यादींत आनुवंशिक अपस्मार होता. आणि तेथें शब्द वापरला होता तो जुनाच, ‘पडण्याचा रोग’ हा. आपल्या घरची गोष्ट याहून सौम्य असली तरी विसरण्यासारखी नाहीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत मुळांत अपस्माराचा उल्लेख नव्हता. १९७६ सालीं दुरुस्ति झाली, तेव्हां वेडाच्या शेजारीं अपस्मार हा शब्द आणून बसविण्यांत आला, आणि ज्यास वारंवार झटके येतात ती व्यक्ति विवाहास अपात्र मानली गेली. १९९९ सालीं तो शब्द गाळण्यांत आला. मधल्या तेवीस वर्षांत एका औषधसाध्य रोगानें किती घरांत भीति पसरविली असेल, याचा हिशेब कोणाजवळ नाहीं. कायद्यांतून तो शब्द निघून गेल्यास आतां पाव शतक उलटलें. पण स्थळें पाहणाऱ्यांच्या मनांतून तो गेला आहे, असें कोणास म्हणतां येईल काय?

येथें आपण मूळ प्रश्नापाशीं आलों. लग्न ठरतेवेळीं मुलीचा किंवा मुलाचा अपस्मार सांगावा कीं लपवावा? लपविणाऱ्यांची बाजू हलकी नाहीं, आणि ती हलकी करून मांडणें अप्रामाणिकपणाचें होईल. ते म्हणतात: “आम्ही खरें सांगितलें, कीं समोरचीं माणसें पोहे तसेच ठेवून उठतात, आणि आठ दिवसांत ती गोष्ट साऱ्या नातेवाइकांत होते. मग धाकटीचेंहि लग्न अडतें. झटका येऊन तीन वर्षे झालीं, गोळी रात्रीं एक; जिचें आयुष्य इतर मुलींसारखेंच चाललें आहे, तिच्यावर आम्हीं आपल्या हातानें शिक्का कां मारावा? समोरच्या घरांतला रक्तदाब, कर्ज, मुलाचा तिरसट स्वभाव, हें कोण आम्हांस सांगतो?” या युक्तिवादांत तथ्य आहे. सत्य सांगण्याचें कर्तव्य सर्वांस सारखें असेल, पण त्याची किंमत सर्वांस सारखी द्यावी लागत नाहीं. आणि ज्यानें ती कधीं दिली नाहीं, त्यानें सत्यावर व्याख्यान देणें सोपें असतें.

तरीहि लपविणें चुकीचें आहे असें म्हणावें लागतें. आणि त्याचें पहिलें कारण समोरच्या घराचें हित हें नसून, त्या मुलीचेंच हित हें आहे. लपविलेल्या रोगाचें औषधहि लपवावें लागतें. नव्या घरांत गोळी कोणी पाहील, म्हणून ती घेण्याचें राहून जातें. आणि अपस्माराचें औषध एकाएकीं बंद होणें ही साधी गोष्ट नव्हे. लग्नघरांतलीं जागरणें, उपास, चुकलेल्या गोळ्या या तिन्हींनीं झटक्यास आमंत्रण मिळतें. आणि झटक्यामागून झटका येत राहून शुद्ध परत न येणें, ज्यास डॉक्टर स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात, तो प्रसंग जिवावरचा असतो. शिवाय यांतील कांहीं औषधें, विशेषतः व्हॅलप्रोएट, गर्भास अपाय करूं शकतात. तीं बाळाचा विचार होण्यापूर्वींच डॉक्टरांच्या सल्ल्यानें बदलावीं लागतात. जिचा नवराच अंधारांत आहे, तिनें हा विचार कोणाशीं करावा? म्हणजे ज्या प्रेमानें आईबापांनीं शब्द दडविला, तेंच प्रेम तिला तिच्या सर्वांत कठीण वेळीं एकटी पाडतें. दुसरें कारण, दुसऱ्याच्या आयुष्याचा सौदा अपुऱ्या माहितीवर करूं नये, हें. आणि तें कोणासहि मान्य होण्यासारखें आहे. मोटार चालविण्याच्या परवान्यासाठीं अर्ज करणाऱ्यास या रोगाविषयीं विचारलें जातें, त्यांत कोणी अपमान मानीत नाहीं. कारण तेथें दुसऱ्यांचे जीव गुंतलेले असतात.

मात्र एवढ्यावर निकाल देऊन थांबलों तर तो अर्धाच होईल. सत्य सांगण्याचें कर्तव्य एका बाजूवर टाकावयाचें, आणि तें ऐकण्याची पात्रता दुसऱ्या बाजूकडे मागावयाचीच नाहीं, हा न्याय नव्हे. जो शब्दाचा अर्थ विचारल्यावांचून उठून जातो, जो ‘अपस्मार’ ऐकून ‘वेड’ समजतो, जो ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशीं चव्हाट्यावर नेतो, तो पुढच्या घरांतील असत्याचा भागीदार होतो. खोटें बोलणाऱ्याचा दोष त्याच्याकडे राहतोच. पण ज्यांनीं खरें बोलणें इतकें महाग करून ठेविलें, त्यांस त्या दोषांतून सुटका नाहीं. ऐकणाऱ्याचें कर्तव्य एवढेंच कीं, त्यानें चार प्रश्न विचारावे: झटका कोणत्या प्रकारचा? शेवटचा केव्हां आला? कारण कळलें आहे काय? औषध कोणतें चालू आहे? या उत्तरांनंतर त्यानें नकार दिला तरी तो विचारपूर्वक दिलेला नकार असेल, आणि त्यांत कोणाचा अपमान नाहीं. नुसत्या नांवावरून दिलेला नकार मात्र माणसास दिलेला नसतो. तो आपल्याच भीतीस दिलेला असतो. तसेंच, सांगण्याचा अधिकार कोणाचा, हेंहि ठरून गेलें पाहिजे. ज्या दोघांनीं संसार करावयाचा, त्यांपैकीं ज्याचा रोग त्यानें दुसऱ्यास सांगावा, हें उत्तम. आईबापांनीं त्याच्या संमतीनें सांगावें, हें मध्यम. आणि मावशीआत्यांनीं परस्पर सांगावें, हें सर्वथा निषिद्ध.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? नांवच बदलून टाका, म्हणजे झालें. हा प्रयोगहि जगांत झालेला आहे. मलाया देशाच्या भाषेंत या रोगाचें जें लोकरूढ नांव होतें, त्याचा अर्थ ‘डुकराचें वेड’ असा होता. तें सोडून तेथील वैद्यांनीं आंतरराष्ट्रीय नांव पत्करलें. कोरियांतहि जुनें कलंकित नांव टाकून मेंदूंतील विजेचा विकार अशा अर्थाचें नवें नांव घेण्यांत आलें. शिवीसारखें नांव टाकून देणें योग्यच आहे. पण आपल्याकडे फेफरें गेलें आणि फिट आली, फिट गेली आणि ‘चक्कर’ आली, तरी आवाज मात्र पूर्वींइतकाच खालीं राहिला. नव्या वस्त्राला जुनाच डाग लागतो, कारण तो वस्त्रांत नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, अपस्मार हाच शब्द नेटानें आणि बरोबर अर्थानें वापरावा. ‘तो अपस्मारी आहे’ असें न म्हणतां ‘त्याला अपस्मार आहे’ असें म्हणावें. मधुमेह आहे असें म्हणतों त्याच आवाजांत म्हणावें. आणि ज्यास तो नाहीं त्यास तो चिकटवूं नये.

शब्दाचें ज्ञान खरें कीं पोकळ, याची परीक्षा शेवटीं हातांनींच द्यावी लागते. डोळ्यांदेखत कोणी झटक्यानें कोसळला, तर त्यास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं कांहीं मऊ ठेवावें, आसपासच्या टोंचणाऱ्या वस्तु दूर कराव्या, अंग दाबून धरूं नये, तोंडांत चमचा, पाणी, बोट कांहींहि घालूं नये, आणि घड्याळाकडे पाहावें. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं, किंवा शुद्ध येण्यापूर्वीं दुसरा आला, तर विलंब न करितां दवाखान्यांत न्यावें. झटका थांबल्यावर मनुष्य कांहीं वेळ गोंधळलेला असतो. आपण कोठें आहों, काय झालें, हें त्यास कळत नाहीं. भोंवतालचा घोळका त्यास प्रथम दिसतो, आणि त्या घोळक्याच्या तोंडावरूनच आपणास काय झालें तें तो वाचतो. त्या वेळीं लोकांनीं बाजूस व्हावें, एकानें जवळ बसावें, आणि त्यास रोगाच्या नांवानें नव्हे तर त्याच्या स्वतःच्या नांवानें हाक मारावी. गेलेली स्मृति परत येत असतां माणसास सर्वांआधीं आपलेंच नांव हवें असतें.